मिहानचा पळस राहू द्या

फाल्गुनात नागपूरच्या वर्धा मार्गावरून खापरीकडे वळलं की मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या मोकळ्या भूखंडांवर पळस फुललेला दिसतो. फांदीवर पान नाही, नुसता केशरी फुलोरा. ही सगळी सजावट पक्ष्यांसाठी आहे. फुलाला वास नाही, पण लांबून दिसेल असा रंग आहे आणि तळाशी भरपूर मध आहे. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये पळसाच्या परागीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुलांवर कितीतरी जातींचे पक्षी येतात, पण पराग नीट पोचवण्यात जांभळा शिंजीर आणि खार हेच खरे कामाचे, असं त्यात दिसलं.

याच फुलांपासून होणाऱ्या धुळवडीच्या रंगामागे सुंदर रसायन आहे. फुलातल्या ब्यूट्रिन आणि आयसोब्यूट्रिन या द्रव्यांना साखरेचे रेणू जोडलेले असतात. ते सुटले की नारिंगी ब्यूटीन उरतं. उकळताना चिमूटभर चुना टाकला की रंग आणखी चढतो. हा रंग पक्का नाही, धुतला की जातो. अंगावर खेळायला याहून चांगलं काय हवं?

वऱ्हाड-नागपूरकडचं शेतकऱ्याचं वर्ष तर पळसावाचून पुरं होत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तुपानं शेकायचा तो पळसाच्या पानानंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा, गावोगावी दारात पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, मुळांच्या वाखाचे दोर, फांद्यांवर लाखेचे किडे, सालीतून निघणारा लाल डिंक. बिया जंतांवर देतात, पण त्या विषारीही ठरू शकतात. वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

इतकं देणारं झाड भूखंड सपाट करताना मात्र झुडूप म्हणून उपटलं जातं आणि त्याच जागी रोपवाटिकेतली शोभेची झाडं येतात. हे मला पटत नाही. पळस मुरमाड जमिनीत वाढतो, पाणी साचणाऱ्या काळ्या मातीतही तग धरतो, मुळांतून नवे फुटवे काढतो. त्याला ना खड्डा लागतो, ना टँकर. मिहानातल्या कंपन्यांना आणि जमिनीचं नियोजन करणाऱ्यांना विनंती आहे: आराखडा काढण्याआधी उभे पळस मोजा आणि कुंपणाच्या कडेचे तरी राहू द्या. आपणही रंगासाठी फांद्या मोडू नयेत, खाली पडलेली फुलंच वेचावीत.