बर्लिनमध्ये फिरताना

बर्लिनचा बीईआर विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर, भाड्याच्या ‘सी’ विभागात येतो. त्यामुळे तिथून शहरात येताना ‘एबीसी’ तिकीट घ्यावे. शहरात फिरायला ‘एबी’ पुरते. स्टेशन टर्मिनल १ च्या खालीच आहे. तिथून एस-बान ही लोकल मिळते, तसेच जलद प्रादेशिक गाड्याही मिळतात.

स्टेशनांवर अडवणारी फाटके नाहीत, म्हणून गाफील राहू नका. यंत्रातून घेतलेल्या कागदी तिकिटावर वेळेचा शिक्का नसेल, तर फलाटावरच्या छोट्या पेटीत ते सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो. साध्या वेशातले तपासनीस डब्यात कधीही येतात. शिक्का नसलेले तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, दंड ६० युरो. एकेरी तिकीट दोन तास चालते. गाडी कितीही वेळा बदला, पण त्यावर परतीचा प्रवास करता येत नाही.

हिरवा ‘एस’ म्हणजे लोकल, निळा ‘यू’ म्हणजे १९०२ पासूनची मेट्रो. ट्राम मुख्यतः पूर्व भागात आहेत. वर्तुळमार्गावर एस४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावते, एस४२ उलट. पूर्ण फेरीला सुमारे तासभर लागतो. शहर पाहायचे असेल, तर साध्या तिकिटावर १०० नंबरची बस धरावी.