‘एल निनो’ म्हणजे नेमके काय?

लासुर्णे (ता. इंदापूर) - उन्हाळा सरत आला, की पर्जन्यछायेतील इंदापूर तालुक्यात दोन स्पॅनिश शब्द हमखास कानी पडतात : ‘एल निनो’ आणि ‘ला निना’. येथील ऊस व फळबागा नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर आणि ते आवर्तन सह्याद्रीतील पावसावर अवलंबून. त्यामुळे या शब्दांचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

स्पॅनिशमध्ये ‘एल’ पुल्लिंगी, तर ‘ला’ स्त्रीलिंगी नामापूर्वी येते. इंग्रजीत दोहोंसाठी ‘द’ हा एकच शब्द आहे. ‘एल निनो’ म्हणजे इंग्रजीत ‘द बॉय’, अर्थात लहान मुलगा. ‘ला निना’ म्हणजे ‘द गर्ल’, लहान मुलगी. मूळ उच्चार अनुक्रमे ‘निन्यो’ आणि ‘निन्या’ असे आहेत. दोन्ही नसतील, तेव्हा ‘ला नादा’ म्हणजे ‘काहीच नाही’, असेही गमतीने म्हटले जाते.

पेरू देशाच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी उबदार होत असे. तेथील दर्यावर्दींनी त्या प्रवाहाला बाळ येशूवरून हे नाव दिले. १८९२ मध्ये कामिलो कारिओ यांनी लिमा येथील भूगोल संस्थेपुढे त्याची नोंद केली. पुढे विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या व्यापक तापमानवाढीला हेच नाव रूढ झाले. उलट, पाणी नेहमीपेक्षा थंड झाल्यास ‘ला निना’ म्हणतात.

महासागर तापला, की त्यावरील वाऱ्यांचे चक्र सरकते आणि भारतावरील मोसमी वारे दुबळे होण्याची शक्यता वाढते. वायुदाबातील या झोक्याचा शोध भारतीय हवामान खात्याचे तत्कालीन प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अभ्यास करताना लावला, हे विशेष.

‘एल निनो’च्या २००९ मध्ये देशात सरासरीच्या ७८ टक्के, २०१५ मध्ये ८६ टक्के, तर २०२३ मध्ये ९४ टक्के मोसमी पाऊस झाला. मात्र १९९७ मध्ये ‘एल निनो’ अतिशय तीव्र असूनही पाऊस सरासरीइतका पडला. हिंदी महासागराच्या तापमानाचाही पावसावर प्रभाव असतो. म्हणूनच ‘एल निनो’ ही दुष्काळाची घोषणा नसून सावधगिरीची सूचना आहे. ती ऐकून पेरणी वा नवी लागण रद्द करण्यापेक्षा धरणातील साठा व हवामान खात्याचे सुधारित अंदाज पाहून पाण्याचे नियोजन करणे अधिक हिताचे.