श्वासनलिका : गळ्यातला सक्शन पाईप

विहिरीवरच्या मोटारीला सक्शनच्या बाजूने कुणी लपेटा पाईप लावत नाही. लावलाच तर मोटार चालू होताच तो चपटा होईल. तिथे टणक कड्यांचाच पाईप लागतो. आपली श्वासनलिका अशीच असते. लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर आणि तिला कूर्चेच्या इंग्रजी 'सी' आकाराच्या १६ ते २० कड्या. श्वास घेताना आत दाब कमी होतो, तरी या कड्यांमुळे ती मिटत नाही.

आता समजा, गळ्यावर मोठा गलगंड आहे आणि तो वर्षानुवर्षे तसाच ठेवलाय. त्याच्या दाबाने कड्या मऊ पडू शकतात. यालाच ट्रेकिओमलेशिया म्हणतात. गंमत अशी की दाबणारी गाठच श्वासनलिकेला बाहेरून धरूनही ठेवते. ऑपरेशनमध्ये गाठ निघाली की तो आधार जातो. भुलेची ट्यूब घशात असेपर्यंत काही कळत नाही. ती काढली की रुग्ण श्वास ओढतो, भिंती आत येतात आणि शिट्टीसारखा आवाज येऊन जीव घुसमटतो. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर हाताशी मिनिटंच असतात.

म्हणून गाठ काढल्यावर सर्जन श्वासनलिका बोटांनी चाचपून पाहतात. ती मऊ लागली तर ट्यूब एक-दोन दिवस, कधी जास्तही, तशीच ठेवतात. आजूबाजूच्या पेशींनी तिला धरलं की ट्यूब काढतात. तेवढ्याने भागणार नसेल तर श्वासनलिकेची भिंत शेजारच्या स्नायूंना टाके घालून ताणून धरतात किंवा बाहेरून कृत्रिम कडीचा आधार देतात. तेही जमलं नाही तर गळ्याला छिद्र पाडून ट्यूब बसवतात, म्हणजेच ट्रेकिऑस्टॉमी.

यात आपल्या शाखांनाही काम आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एका तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेची जन्मतः कमकुवत फांदी थ्रीडी प्रिंट केलेल्या आधाराने उघडी ठेवण्यात आली. तो आधार शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा होता. सर्जन ग्लेन ग्रीन यांच्यासोबत त्यावर काम करणारे स्कॉट हॉलिस्टर हे बायोमेडिकल इंजिनिअर!

गावाकडे कुणाच्या गळ्याला गाठ असेल तर 'दुखत नाही ना, राहू दे' म्हणू नका. आपल्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सर्जनला वेळेत दाखवा. आणि ऑपरेशननंतर 'ट्यूब आज काढणार नाही' असं डॉक्टर म्हणाले तर घाबरून घाई करू नका. आतला पाईप आधार धरेपर्यंत ती ट्यूबच त्याची कडी असते.