तिसावा घात

रसायनशास्त्रात दुसरा घात नेहमीचा, तिसरा क्वचितच. पदार्थ दुप्पट दाट केला की अभिक्रिया चौपट, फार तर आठपट वेगाने होते. 1974 साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन, जेम्स हॉफ्रिख्टर आणि फिलिप रॉस सिकलसेल या आजारातलं हिमोग्लोबिन तपासत होते. त्यांच्या हाती आलेला घात होता सुमारे 30.

त्यांचा प्रयोग दिसायला अगदी साधा. ऑक्सिजन काढून घेतलेलं हे हिमोग्लोबिन थंड असताना पातळ राहतं. ते ऊबदार केलं की आधी काहीच होत नाही. मिनिटं जातात, द्रावण तसंच. मग एकाएकी सगळं गोठून घट्ट होतं. सगळी मेख गोठण्याआधीच्या त्या थांबण्यात आहे. संहती दुप्पट केली, तर तो अवधी 2 च्या तिसाव्या घाताने, म्हणजे 1,07,37,41,824 पटींनी कमी व्हायला हवा. एवढा टोकाचा फरक शरीरात होत नाही, पण नुसती 10 टक्के वाढही पुरते. 1.1 चा तिसावा घात साधारण 17 येतो. दाटपणा दहा टक्क्यांनी वाढला, की हाताशी असलेला वेळ सतरा पटींनी आटतो.

इतकं होण्यामागचा मूळ बदल किती किरकोळ, तेही पाहण्यासारखं आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत 574 अमिनो आम्लं असतात. व्हर्नन इंग्रॅम यांनी 1957 मध्ये केंब्रिजला दाखवून दिलं की आजारी हिमोग्लोबिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. रेणूच्या दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी एक, म्हणजे 574 पैकी फक्त दोन जागा बदलतात. रेणूचं वजन सुमारे 64,500 एकक, त्यातली 60 एककं घटतात. हजारातला एक भागही नाही. पण एका लाल पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू आणि निरोगी शरीरात अशा पेशी सुमारे 25 लाख कोटी. ऑक्सिजन सोडलेला एक रेणू व्हॅलिनमुळे शेजारच्याला चिकटतो आणि 14 धाग्यांचे पिळदार दोर तयार होतात. पहिला दोर जुळायला पुष्कळ रेणू एकत्र यावे लागतात, म्हणून इतका उशीर. एकदा तो जुळला की त्याच्याच अंगावर नवे दोर उगवतात, म्हणून पुढे सगळं झपाट्याने होतं.

ईटन यांचं खरं मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हा आकडा थेट रक्ताभिसरणाला लावला. लाल पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. तेवढ्यात दोर तयार झाले नाहीत तर ती शिरेत निसटते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. आजाराचा जोर म्हणजे ही शर्यत. ती बहुतेक पेशी जिंकतात, म्हणूनच रुग्ण जगतो.

गडचिरोली, नंदुरबारकडे एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णाला डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका. वरवर घरगुती वाटणाऱ्या या सल्ल्यामागे तो तिसावा घात उभा आहे. पाणी कमी पडलं की पेशी आक्रसते आणि आतलं हिमोग्लोबिन दाटतं. एएस, म्हणजे वाहक, माणसाच्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन साधारण 40 टक्के असतं. तेवढ्या फरकाने वेळ इतका लांबतो की त्याला सहसा काही जाणवतच नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही मुख्यतः याच वाटेने काम करते. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, सदोष हिमोग्लोबिनची संहती घटते आणि पेशीला सवड मिळते.

ईटन यांनी हा धागा सोडला नाही. 2022 मध्ये त्यांच्या गटाने आधीच अभ्यासल्या गेलेल्या 12 हजारांहून अधिक संयुगांची छाननी प्रसिद्ध केली. दोरांमुळे पेशी वाकडी व्हायला किती वेळ लागतो, ही त्यांची कसोटी होती, आणि शंभराहून अधिक संयुगं तिला उतरली. त्यातलं कोणतं माणसाला पचेल, सुरक्षित मात्रेत कोणतं पुरेसं परिणाम करेल, ही चाळणी वेगळी आणि फार कडक आहे. पण गोळीकडून ईटन यांची मागणी मर्यादित आहे. दोर कायमचे थांबवायची गरज नाही. पेशी अरुंद वाट ओलांडेपर्यंत, आणखी काही सेकंद उशीर झाला तरी पुरे.