आघात आणि मैत्री

पाली भाषेतील ‘आघात’ या शब्दाचा अर्थ मराठीतल्याप्रमाणे ‘प्रहार’ असा नाही. प्रहार होऊन गेल्यावर मनात जो सल धुमसत राहतो, त्याला तेथे आघात म्हणतात. वसतिगृहात वाढलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आंघोळीच्या रांगेत कुणी पुढे सरकवलेली बादली, न विचारता वापरलेला साबण, ताटात कमी पडलेली भाजी : प्रसंग दोन मिनिटांचा आणि अबोला दोन महिन्यांचा!

अंगुत्तर निकायात आघात शमविण्याचे पाच मार्ग आले आहेत : मैत्री, करुणा, उपेक्षा म्हणजे समभाव, त्या व्यक्तीकडे मन न वळविणे, आणि प्रत्येक जण आपल्या कर्माचा वारस आहे याचे स्मरण. (कर्म म्हणजे याच जन्मीची कृती, असा अर्थ आम्ही घेतो. गतजन्माच्या पापाची भाषा आपल्या समाजाने पुरेशी ऐकली आहे.)

मैत्रीभावनेचा क्रम पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात बारकाईने दिला आहे. आरंभ स्वतःपासून करावा. मग आदरणीय वा प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, आणि अखेरीस वैरी. वैऱ्यापाशी येताच क्रोध उसळला, तर मागे फिरून पुन्हा प्रिय व्यक्तीपाशी यावे. तरीही तो शमला नाही, तर स्वतःलाच विचारावे : आपण रागावलो आहोत ते नेमके कशावर? त्याच्या केसांवर, नखांवर, की दातांवर? हा प्रश्न वर्गात सांगितला की मुले हसतात, आणि हसता हसता गाठ थोडी सैल होते. विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम काही मिनिटे आनापान करावयास लावतो आणि वैरी म्हणून साबणवाला मित्रच निवडावयास सांगतो. सर्वांत मोठी जखम पहिल्याच दिवशी उघडू नये.

परंतु मोठ्या जखमा आहेतच. गावच्या पाणवठ्यावर झालेला अपमान, आडनाव विचारून बदललेला चेहरा, हेही ध्यानात विरघळवावयाचे काय, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. अन्याय मुकाट्याने सोसावयास शिकविणारे ध्यान आम्हांस मान्य नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. प्रतिकाराची ताकद असूनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उगारू दिला नाही. तळ्यावरील हक्क मात्र त्यांनी सोडला नाही. तो दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला जाईपर्यंत दहा वर्षे चालला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेहून व्यापक स्थान दिले आहे. ते वाचताना हा दहा वर्षांचा काळ डोळ्यांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते. द्वेषाने पेटलेले मन इतका दीर्घ लढा चालवू शकले असते का, याविषयी आम्हांस शंका आहे.

एवढे करूनही मन निवळले नाही, तर बुद्धघोषांनी एक साधा उपाय सुचविला आहे : त्या व्यक्तीला काही द्यावे, तिच्याकडून काही घ्यावे. आमची मुले घरून आलेल्या चिवड्यातला मूठभर देतात. समोरचा कधी नाकारतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडला जातो.