हिमालयातला ट्रेक कसा निवडावा? मुक्कामांच्या उंचीचं गणित



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो, यंदा हिमालयात जायचं का? कुणीतरी एव्हरेस्ट बेस कॅम्पचं नाव काढतं, कुणी अन्नपूर्णाचं. मग मोबाईलवर फोटो बघितले जातात, खर्च विचारला जातो आणि ज्याचे फोटो जास्त छान तो ट्रेक ठरतो. आता तर बरेच पालक दहावी-बारावी झालेल्या मुलांनाही सोबत नेतात. म्हणूनच हा लेख. नेपाळमधले तीन प्रसिद्ध मार्ग घेऊन, त्यातला आपल्यासाठी कोणता योग्य हे कसं ठरवायचं ते आपण पाहू. यात लागणारं गणित चौथीच्या वजाबाकीएवढंच आहे, पण ते न केल्यामुळे दरवर्षी माणसं आजारी पडतात आणि काही जण परत येत नाहीत.

आधी थोडं विज्ञान

आपण मुलांना शिकवतो की हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. उंचावर गेलं तरी हे प्रमाण तेवढंच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. म्हणजे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते आणि त्यामुळे ऑक्सिजनही कमी मिळतो. सुमारे ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला, म्हणजे ५,३६४ मीटरवर, तो जवळजवळ निम्मा होतो.

आपलं शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. श्वास वाढतो, रक्तात बदल होतात, आणि हे सगळं काही दिवसांत हळूहळू घडतं. त्याआधीच आपण वर गेलो तर उंचीचा त्रास सुरू होतो. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. दुर्लक्ष केलं तर मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसात पाणी साठू शकतं. हे दोन्ही जिवावर बेतणारं आहे.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. "मी रोज पाच किलोमीटर पळतो, मला काही होणार नाही." पळण्याने पाय आणि दम तयार होतो, पण उंचीच्या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. उलट तब्येतीने दणकट माणूस भरभर चालतो आणि लवकर वर पोचतो, त्यामुळे त्यालाच त्रास होण्याची शक्यता वाढते. सह्याद्रीत केलेला सराव नक्की उपयोगी आहे, पण तो पायांसाठी. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. या तिन्ही मार्गांवर बहुतेक सगळे मुक्काम त्याहून उंच आहेत.

मुख्य नियम

डॉक्टर मंडळी साधारण असा नियम सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आज जिथे झोपलो त्यापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावर नको. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबायचं.

लक्षात घ्या, नियम झोपण्याच्या उंचीचा आहे. दिवसा त्याहून वर चढून परत खाली झोपायला आलं तर चालतं, उलट सवय व्हायला मदतच होते. म्हणून ट्रेक निवडताना सर्वात वरचं ठिकाण किती उंच आहे एवढंच विचारून भागत नाही. रोज रात्री आपण किती उंचीवर झोपणार, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

आता हा नियम तिन्ही मार्गांना लावून बघू. (उंचीचे आकडे नकाशागणिक थोडे वेगळे दिसतात, ते अंदाजे समजावेत.)

१. एव्हरेस्ट बेस कॅम्प

काठमांडूहून किंवा गर्दीच्या हंगामात बहुतेक वेळा रामेछापहून छोट्या विमानाने लुक्लाला जायचं. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढती आहे. ढग आले की विमानं बंद, कधी एक दिवस तर कधी त्याहून जास्त.

मुक्काम असे असतात :

- फाकडिंग २,६१० मी.
- नामचे बाजार ३,४४० मी. (दोन रात्री)
- तेंगबोचे ३,८६० मी.
- दिंगबोचे ४,४१० मी. (दोन रात्री)
- लोबुचे ४,९१० मी.
- गोरखशेप ५,१६० मी. (इथून बेस कॅम्प बघून परत)

वजाबाकी करा. ८३०, ४२०, ५५०, ५००, २५०. नामचेला आणि दिंगबोचेला दोन रात्री का काढायच्या ते आता कळेल. तिथे वेळ वाया जात नाही, शरीर त्या दिवशी काम करत असतं. कमी दिवसांच्या सहलीत हेच दोन दिवस कापलेले असतात. म्हणजे फाकडिंग ते लोबुचे, २,३०० मीटरची वाढ, चारच दिवसांत! असा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

नीट करायचा तर लुक्ला ते लुक्ला बारा दिवस धरा. विमानासाठी दोन दिवस राखीव आणि महाराष्ट्रातून जाणं-येणं धरलं तर सतरा-अठरा दिवस होतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळते. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही! ते बघायला जवळच्या काला पत्थरवर चढावं लागतं, आणि ते साडेपाच हजार मीटरच्या वर आहे.

या मार्गाची एक जमेची बाजू म्हणजे फेरिचे इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र ट्रेकिंगच्या हंगामात सुरू असतं.

२. अन्नपूर्णा बेस कॅम्प

पोखराहून गाडीने पायथ्याच्या गावापर्यंत आणि मग गुरुंग लोकांच्या गावांतून, दगडी पायऱ्यांनी, मोदी खोलाच्या घळीत शिरायचं. वरचे मुक्काम असे :

- छोमरोंग २,१७० मी.
- दोभान २,६०० मी.
- देउराली ३,२३० मी.
- माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७०० मी.
- अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मी.

असं केलं तर ठीक आहे. पण बरेच गट देउरालीहून थेट अन्नपूर्णा बेस कॅम्पला झोपायला जातात. ४,१३० वजा ३,२३०, म्हणजे ९०० मीटर. नियमाच्या जवळपास दुप्पट! मुक्काम माछापुच्छ्रे बेस कॅम्पला केला आणि पहाटे वर जाऊन सूर्योदय बघून परत आलं, तर दृश्य तेच मिळतं आणि रात्रही कमी उंचीवर जाते. अंतर साधारण दोन तासांचंच आहे.

इथला दुसरा धोका हिमप्रपाताचा. देउरालीच्या पुढे घळ अरुंद आहे आणि वरच्या उतारांवरचा बर्फ खालून दिसतही नाही. जानेवारी २०२० मध्ये याच भागात झालेल्या हिमप्रपातात चार कोरियन शिक्षक आणि त्यांच्यासोबतचे नेपाळी लोक गेले. म्हणून बर्फ पडून गेल्यावर लगेच हा टप्पा चालू नये. देउरालीच्या लॉजवाल्यांना विचारावं आणि ते थांबा म्हणाले तर थांबावं. एरवीही हा टप्पा सकाळी लवकर पार करावा.

पोखरापासून आठ-नऊ दिवस, घरापासून घरापर्यंत तेरा-चौदा दिवस लागतात.

३. लांगटांग

हा मार्ग आपल्याकडे कमी माहीत आहे. काठमांडूहून गाडीने दिवसभराचा प्रवास करून स्याब्रुबेसीला (१,५०० मी.) पोचायचं. विमान नाही, त्यामुळे विमान रद्द होण्याची भानगडही नाही.

- लामा हॉटेल २,४०० मी. (हे वस्तीचंच नाव आहे)
- लांगटांग गाव ३,४३० मी.
- क्यांजिन गोम्पा ३,८७० मी. (दोन रात्री)

लामा हॉटेल ते लांगटांग, एका दिवसात हजार मीटर! नियम ३,००० च्या वर मोजायचा असल्याने कागदावर हे बसतं, पण अंगाला जाणवतं. मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर मध्ये घोडातबेलाला (सुमारे ३,००० मी.) एक रात्र काढावी. म्हणजे सोपा म्हटला जाणारा मार्गही वजाबाकी केल्याशिवाय घेऊ नये.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दरड कोसळून लांगटांग गाव पूर्ण गाडलं गेलं. तीनशेहून जास्त माणसं गेली. वाचलेल्या लोकांनी शेजारी पुन्हा घरं आणि लॉज उभे केले. तिथे आपण मुक्काम करतो तेव्हा ते पैसे याच घरांत जातात, हेही मुलांना जरूर सांगावं.

घरापासून घरापर्यंत साधारण अकरा-बारा दिवस.

खाली उतरायला किती वेळ लागेल?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उंचीच्या त्रासावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं. क्यांजिन गोम्पाहून एका दिवसात लामा हॉटेलपर्यंत, म्हणजे जवळपास १,५०० मीटर खाली येता येतं. अन्नपूर्णा बेस कॅम्पहून दोभानपर्यंतही तेवढंच. पण गोरखशेपहून दिवसभर उतरून फेरिचेला आलं तरी आपण ४,२०० मीटरच्या वरच असतो. हेलिकॉप्टर येतं, पण हवा स्वच्छ असेल तरच, आणि त्याचा खर्च लाखांत जातो. म्हणून उंचीवरच्या बचावाचा खर्च देणारा विमा काढावाच. मात्र विमा आहे म्हणून वेळापत्रक कापू नये.

मग कोणी कुठे जावं?

दिवाळीची सुट्टी दोन आठवड्यांच्या आसपास असते. त्यात एव्हरेस्ट बेस कॅम्प राखीव दिवसांसह बसत नाही. दिवाळीत लांगटांग किंवा अन्नपूर्णा घ्यावा. आकाश स्वच्छ असतं, गर्दी मात्र असते. एव्हरेस्ट मे महिन्याच्या सुट्टीसाठी ठेवावा आणि सुट्टी लागताच निघावं. दुपारी ढग येतात, पण बेस कॅम्पवर गिर्यारोहकांचे तंबू तेव्हाच बघायला मिळतात. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा हे तिन्ही मार्ग टाळलेले बरे.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, तसंच मुलांना किंवा साठीच्या पुढच्यांना घेऊन जाणाऱ्यांनी लांगटांगपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्याही त्यांना विचारूनच.

निघण्यापूर्वी गटाने ठरवायच्या गोष्टी

१. डोकं दुखत असेल तर कुणीही लपवायचं नाही. रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचं, पोर्टरलाही. तेही बरेचदा खालच्या गावांतून आलेले असतात.

२. त्रास असेल तर वर जायचं नाही. वाढला तर रात्र असली तरी खाली. सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट बघत बसायचं नाही.

३. खाली जाणाऱ्यासोबत कोण जाणार, हे घरीच ठरवायचं. एकट्याला पाठवायचं नाही.

४. सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग.

५. कागदपत्रं : नेपाळला विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर भागत नाही. २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड घेण्याचा नियम आहे. सगळीकडे त्याची अंमलबजावणी सारखी नाही, म्हणून निघताना चालू नियम विचारून घ्यावा.

वर्गात कसं घेता येईल?

चौकटीच्या वहीवर तिन्ही मार्गांच्या मुक्कामांचे स्तंभालेख काढायला सांगा. पहिला स्तंभ कळसूबाईचा ठेवा, म्हणजे मुलांना तुलना करता येते. मग दोन शेजारच्या स्तंभांतला फरक काढून, ३,००० च्या वर जिथे तो ५०० पेक्षा जास्त आहे तिथे लाल खूण करायला लावा. शेवटी विचारा, "इथे तुम्ही काय बदल कराल?" कुणी मध्ये मुक्काम टाकेल, कुणी एक दिवस वाढवेल. दोन्ही उत्तरं बरोबर.

मोठ्या मुलांना आणखी एक प्रश्न देता येईल. ५,००० मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं, मग तिथे बटाटे शिजायला वेळ का लागतो? घरातल्या कुकरशी त्याचा संबंध मुलं स्वतःच जोडतील.

पालकांनो, कुणी ट्रेकचं पत्रक हातात दिलं तर फोटोंच्या आधी मुक्कामांची यादी मागा. पेन्सिल घ्या आणि मुलांना शेजारी बसवून वजाबाकी करा. आकडे जुळले नाहीत तर एक दिवस वाढवून मागा. वाढवून मिळत नसेल तर तो ट्रेक सोडून द्या. हिमालय पुढच्या सुट्टीतही तिथेच असणार आहे.