नवी गाडी ठोकली, इन्शुरन्स होता, तरी दीड लाख खिशातून का गेले?

व्हिडिओत मी तुम्हाला कायम सांगतो की धंद्यात आकडे बोलले पाहिजेत. आज माझेच आकडे सांगतो. फार अभिमानाने सांगण्यासारखे नाहीत, पण तुमचे पैसे वाचतील.

२०२४ च्या दसऱ्याला मी दुकानासाठी पिकअप घेतली. फलटण तालुक्यात माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. आधी चार वर्षं भाड्याच्या टेम्पोवर माल आणत होतो, त्यामुळे स्वतःची गाडी दारात लागली तेव्हा आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. तीन महिने झाले असतील नसतील, जानेवारीत रात्री साडेअकराला बारामती-फलटण रस्त्यावर ती गाडी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. कारखाने चालू असताना आमच्याकडे रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो.

गाडी माझा चुलतभाऊ चालवत होता. त्याचा फोन आला, "दादा, गाडी गेली." मी विचारलं, "गाडीला किती लागलंय?" तो दोन सेकंद काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मला कपाळाला लागलंय थोडं." चार टाके पडले त्याला. तो आजही माझ्याकडेच आहे, त्याने तो विषय कधी काढला नाही. मला मात्र तो प्रश्न आठवतो.

पहिला तास

मी पोचलो तेव्हा तिथे तीन सल्लागार आधीच हजर होते. अपघाताच्या जागी सल्लागार कुठून उगवतात देव जाणे. एक म्हणत होता, गाडी चालू करून बाजूला घ्या. रेडिएटरमधून पाणी गळत होतं. अशा अवस्थेत इंजिन चालू केलं आणि ते बसलं, तर ते नुकसान अपघाताचं धरत नाहीत, तुमच्या हलगर्जीपणाचं धरतात. गाडी रस्त्यात तशीच सोडून घरी जायचं नाही हीसुद्धा पॉलिसीतली अट आहे, कारण नंतर चोरी झाली किंवा दुसऱ्या गाडीने ठोकलं तर तो भाग तुमच्या अंगावर येतो. म्हणून इंडिकेटर चालू ठेवले, मागे झाडाच्या फांद्या टाकल्या आणि क्रेनची वाट पाहत बसलो.

दुसरा होता ट्रॅक्टरवाला. ट्रॉलीला जेमतेम ओरखडा होता, पण तो "पंधरा हजार द्या, मिटवून टाकू" म्हणत होता. इथे बहुतेक धंदेवाले चूक करतात. आपल्याला कटकट नको असते, म्हणून आपण पैसे काढतो. पण चूक कबूल करणं, भरपाईचं वचन देणं, या गोष्टी विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय करायच्या नाहीत असं पॉलिसीत स्पष्ट छापलेलं असतं. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरायला आपला थर्ड पार्टी विमा आहेच, मालवाहू गाडीला साडेसात लाखांपर्यंत. मी म्हणालो, चला पोलीस स्टेशनला, नोंद करू, तुम्ही क्लेम लावा. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली घेऊन तो काही आला नाही. नोंद मी एकट्याने केली.

त्याआधी मोबाईलवर चाळीसेक फोटो काढले. नंबर प्लेटसकट समोरून, दोन्ही बाजूंनी, ट्रॉलीचा मागचा भाग, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, फुटलेल्या रंगाच्या बादल्या. क्रेनने गाडी उचलली की हे चित्र परत मिळत नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर रात्रीच कळवून क्लेम नंबरही घेतला.

तिसरा सल्लागार फोनवर होता, तो माझा ओळखीचा एजंट. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "लायसन्सवर ट्रान्सपोर्ट आहे का भावाच्या?" नव्हतं. साधं एलएमव्ही. तो म्हणाला, "मग ड्रायव्हर दुसरा दाखवा. तुमच्याकडे तो आधीचा टेम्पोवाला आहे ना, त्याचं नाव टाकू. सगळे असंच करतात."

खरं सांगतो, मी तयार झालो होतो. साडेआठ लाखांची गाडी, डोक्यावर कर्ज, मध्यरात्र. टेम्पोवाल्याला फोनसुद्धा लावला. त्याने उचलला नाही म्हणून वाचलो. सकाळपर्यंत डोकं थोडं थंड झालं आणि एका वकील मित्राला विचारलं. त्याने सांगितलं की ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिलाय. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. माझी पिकअप त्यात आरामात बसत होती. म्हणजे खरं बोलून क्लेम चालणारच होता, आणि खोटं बोललो असतो तर दवाखान्यातल्या टाक्यांच्या कागदावर भावाचं नाव आणि क्लेम फॉर्मवर दुसऱ्याचं. एवढी विसंगती क्लेम फेटाळायला पुरते.

सर्व्हेअरने उघडलेलं पान

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सर्व्हेअर आले. शांत माणूस. आरसी, लायसन्स, फिटनेस, मालाचं बिल मागितलं. "लोड किती होता?" असंही विचारलं. बिलावरून हिशेब लागला, मर्यादेच्या आत होता. तुमची गाडी एकूण ३,००० किलोपेक्षा जड असेल तर परमिटही मागतील. आणि ज्यांनी चेसिस घेऊन बाहेर बॉडी बांधायला टाकली आहे त्यांनी हे नीट ऐका. तात्पुरती नोंदणी संपल्यावर गाडी रस्त्यावर आणू नका. २०१४ मध्ये अशाच एका पिकअपचा क्लेम सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि तिथेही नाकारला गेला, कारण अपघाताच्या दिवशी गाडीची नोंदणीच नव्हती. बॉडीची किंमत आयडीव्हीत धरली आहे का, तेही बघून घ्या.

मग त्यांनी माझी पॉलिसी चाळली आणि विचारलं, "आयएमटी २३ घेतलं नाहीत का?"

मी बीबीए केलंय, तुम्हाला धंदा शिकवतो, आणि मला हे माहीत नव्हतं. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, टायर-ट्यूब आणि रंगकाम यांचं अपघाती नुकसान धरलेलंच नसतं. गाडी टोटल लॉस झाली तरच. हे भाग हवे असतील तर जादा प्रीमियम भरून आयएमटी २३ नावाची जोड घ्यावी लागते. आता सांगा, पुढून धडकलेल्या गाडीचं आधी काय फुटतं?

आणि ही जोड मला शोरूममध्ये दाखवली होती. कोटेशनमध्ये होती, झिरो डेपसुद्धा होतं. मीच म्हणालो होतो, "हे काढा ते काढा, प्रीमियम खाली आणा." ४,३०० रुपये वाचवले. दुकानात गिऱ्हाईक प्रायमर वगळून नुसता रंग मागतो तेव्हा मी त्याला दहा मिनिटं समजावतो, आणि इथे मीच ते गिऱ्हाईक झालो.

दुरुस्तीचं बिल जीएसटी सोडून २,३१,००० झालं. कंपनीने १,४८,००० दिले. मधल्या ८३,००० पैकी ५६,००० बंपर, दिवे, मडगार्ड आणि रंगाचे. २६,००० प्लास्टिक आणि रबराच्या घसाऱ्याचे, कारण या भागांवर गाडी कालची असली तरी ५० टक्के कापतात. लोखंडी भागांवर पहिल्या सहा महिन्यांत काही कापत नाहीत, काचेवर तर कधीच नाही, ते पूर्ण मिळालं. उरलेले किरकोळ.

पण खरा धडा गाडीबाहेरच्या खर्चाचा आहे. गाडीत ३७,००० चा रंग होता, रस्त्यावर सांडला. गाडीच्या पॉलिसीत आतला माल येत नाही, त्याला वेगळी ट्रान्झिट पॉलिसी लागते. गाडी ३४ दिवस वर्कशॉपमध्ये होती, तेवढ्यात भाड्याच्या टेम्पोच्या १६ खेपा झाल्या, २८,८०० गेले. क्रेनचे ७,००० दिले, त्यातले २,५०० परत आले. बेरीज करा: १,५३,३००. बँकेचा हप्ता धरलेला नाही, तो १९,४०० चा त्याच्या तारखेला कापला गेलाच. विमा गाडीच्या पत्र्याचा असतो, बंद पडलेल्या धंद्याचा नसतो.

फोन नको, ईमेल

आधी तर कंपनीचा आकडा १,१२,००० होता. केबिनचं शेल बदलायचं की ठोकून सरळ करायचं यावर वाद होता. सर्व्हेअरचं म्हणणं, दुरुस्त होईल. माझी पहिली इच्छा त्यांना फोन करून भांडायची होती. त्याऐवजी वर्कशॉपच्या फोरमनला दरवाजाची चौकट मापायला लावली. डावीकडे माप चुकत होतं, दार नीट बसत नव्हतं. टेप लावलेले फोटो, त्यांचं लेखी मत आणि वाढीव एस्टिमेट ईमेलने पाठवलं आणि पुन्हा पाहणीची विनंती केली. ते आले, बघितलं, मान्य केलं. ३६,००० रुपये त्या एका ईमेलचे. गाडी खोलल्यावर आतलं नवीन नुकसान निघालं तरी हाच रस्ता. सर्व्हेअरने बघण्याआधी एकही भाग बदलायचा नाही आणि जुना भाग भंगारात द्यायचा नाही.

मुदती पाठ करून ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा, अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. एकोणिसाव्या दिवशीही अहवालाचा पत्ता नव्हता. मी या मुदती लिहून, अहवालाची प्रत मागून, एक सभ्य ईमेल टाकला. दोन दिवसांत हालचाल झाली.

समजा दाद मिळालीच नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. "ते घरगुती पॉलिसीवाल्यांसाठी असतं" असं मला एकाने सांगितलं होतं. चूक. एकट्या मालकीच्या दुकानाला आणि सूक्ष्म उद्योगालाही तिथे जाता येतं.

एक छोटी गोष्ट जीएसटीवाल्यांसाठी. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचा जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो, त्यामुळे कंपनीने तो क्लेममध्ये धरला नाही. मग वर्कशॉपचं बिल तुमच्या दुकानाच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी नंबरवरच निघालं पाहिजे. माझं पहिलं बिल विमा कंपनीच्या नावाने निघालं होतं. सीएने बघितलं म्हणून बदलून घेतलं, नाहीतर ते पैसेही गेले होते.

या ऑक्टोबरला पॉलिसी रिन्यू केली. क्लेम घेतल्यामुळे २० टक्के नो क्लेम बोनस गेला. आयएमटी २३ घेतलं, झिरो डेप घेतलं, मालाची वर्षभराची ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घेतली, आणि दर महिन्याला ३,००० रुपये "गाडी उभी" नावाच्या खात्यात टाकतोय. भाऊ हंगामात रात्री नऊनंतर गाडी काढत नाही, मीही सांगत नाही. माल सकाळी येतो, गिऱ्हाईक थांबतं.

पुढच्या व्हिडिओत माझीच पॉलिसी स्क्रीनवर उघडून ओळीन् ओळ वाचणार आहे. तुमच्या गाडीची पॉलिसी मोबाईलमध्ये पीडीएफ असेल, ती काढून ठेवा. त्यात २३ हा आकडा दिसतोय का, ते आजच बघा.